पांडवची आई

मी एक जुना बाक आहे. पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. शाळेतल्या बाकांचं बरं असतं. मुलं त्यांच्यावर कर्कटकानं नावं कोरतात, खाली बोरांच्या बिया लपवतात, आणि मे महिना आला की त्यांनाही सुट्टी मिळते. मला सुट्टी कधी मिळाली नाही आणि माझ्यावर कुणी नावही कोरलं नाही. मी इस्पितळातला बाक. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधे, मोठ्या रस्त्याला लागून एक बैठं इस्पितळ होतं. तिथल्या लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर माझा सगळा जन्म गेला.

माझं लाकूड सागाचं. कुर्ल्याच्या एका वखारीत धाकू नावाच्या सुतारानं मला घडवलं. धाकू मोठा हौशी माणूस. त्याला साधा बाक करायला सांगितलं होतं, पण त्यानं माझ्या पाठीला छानसा बाक दिला, पट्ट्या घासून घासून गोल केल्या, हातांच्या टोकांना दोन कमळं काढली. "टेकून बसला की माणसाला झोप लागली पायजे," असं तो रंधा मारताना म्हणायचा. मला कुठं ठेवणार आहेत हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जिथं मला ठेवलं तिथं कुणी टेकून बसत नसे. येणारं प्रत्येक माणूस माझ्या कडेवर बसायचं, पुढं वाकून, दाराकडं डोळे लावून. वर्षं गेली, तरी माझी पाठ नवी ती नवीच राहिली, आणि पुढची कड मात्र घामेजल्या हातांनी धरून धरून गुळगुळीत झाली. बड्या डॉक्टरांनी एकदा माझ्यावर थाप मारून "बाक झकास आहे हं" असं म्हटलं होतं. तेवढंच काय ते माझं कौतुक. मला कौतुकाची फारशी हावही नव्हती.

आमच्या व्हरांड्याच्या एका टोकाला नाव नोंदवायची खिडकी होती आणि दुसऱ्या टोकाला वॉर्डाचं हिरवं दार. मधे मी. दारावर पाटी होती, 'आत येण्यास मनाई आहे'. त्या काळी आजारी मुलाजवळ आईला बसू देत नसत. आई जवळ असली की मूल जास्त रडतं, असं मोठ्या लोकांचं मत होतं. भेटायला रविवारी यायचं. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आया तेवढ्या बाहेर थांबायच्या. दुधाची वेळ झाली की सिस्टर दार उघडून कागदावरचं आडनाव पुकारायची, ती आई लगबगीनं आत जायची, बाळाला पाजायची आणि पुन्हा माझ्यावर येऊन बसायची. त्या दाराच्या आत काय आहे, ते मी आजवर पाहिलेलं नाही. मला पाय चार, पण त्यांतला एकही कधी पुढं पडला नाही.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पौषातली सकाळ होती, चांगलंच गार होतं. भटवाडीच्या चाळीतली शेवंती महिन्याच्या लेकीला लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळून धावत आली. नवरा गिरणीत पहिल्या पाळीला गेलेला. शेजारीण सोबत आली होती, पण घरी तिची कच्चीबच्ची होती. ती फाटकातूनच परतली. बाळाची छाती भरली होती. श्वास घेताना त्याच्या इवल्याशा बरगड्या आत जात होत्या, आणि नाकपुड्या उडत होत्या. डॉक्टरांनी एक नजर टाकली, "न्यूमोनिया" म्हणाले, आणि वॉर्डातल्या आयाबाईनं बाळ उचलून हिरव्या दाराआड नेलं. शेवंतीच्या हातात रिकामं दुपटं राहिलं. ते दुपटं अजून ऊबदार होतं. तिनं ते माझ्यावर ठेवलं आणि खिडकीपाशी गेली, म्हणून मला ठाऊक.

खिडकीत चंद्रप्रकाश नावाचा नवा कारकून होता. फाळणीनंतर मुलुंडच्या छावणीत आलेला सिंधी पोरगा. स्वभावानं भला, पण मराठी त्याला नुकतंच कुठं कळायला लागलं होतं. त्यातून खिडकीसमोर ही रांग.

"बच्चे का नाम?"

"नाव ठेवूक नाय अजून," शेवंती म्हणाली. "भावकीत सुतक इला, बारसा ऱ्हवला."

"ठीक है. बाप का नाम?"

शेवंतीनं मान खाली घातली. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल, पण तेव्हाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना आईनं, आजीनं सांगितलेलं असायचं. लग्नाकार्यात उखाण्यात गुंफून घेतलं तर चालायचं, तेही चारजणींनी आग्रह केल्यावर. एरवी 'ह्ये' म्हटलं की झालं. आता खिडकीतल्या परक्या माणसाला 'ह्ये' म्हणजे कोण, ते कसं कळावं?

"नाम बोलो बाई, पीछे लाइन लगी है."

"पाच पांडव आसत ना," शेवंती हळूच म्हणाली, "त्येंतले सगळ्यांत धाकटे."

"क्या? पांडव?"

"होय, त्येंतले—"

"बस बस. पांडव." आडनाव समजून त्यानं लिहिलं. "उधर बैठो. नाम पुकारेगा तब उठने का. पहले नहीं. बार-बार दरवाजा नहीं ठोकने का."

शेवंतीनं मान हलवली. तिला वाटलं, शिकलेला माणूस, त्याला उमगलं असणार. पाच पांडवांत धाकटा सहदेव, हे कुणाला ठाऊक नसतं? ती येऊन माझ्या कडेवर बसली, दुपटं मांडीवर घेतलं, आणि दाराकडं बघत राहिली.

माझ्यावर तिच्याआधीपासून कुंदा ओगले बसलेली होती. मुलुंडची, कचेरीत नोकरी करणाऱ्या विद्याधर ओगल्यांची बायको. तिचा अनंता वर्षाच्या आतला, पोटाच्या दुखण्यानं सुकून गेलेला. कितीतरी दिवस ती रोज यायची. लोकर आणि सुया घेऊन यायची आणि टोपडं विणायची. ते टोपडं कधी पुरं व्हायचं नाही, कारण विणलेलं ती रोज उसवायची. पहिल्यांदा ते पाहून मला नवल वाटलं होतं, पुढं वाटेनासं झालं.

थोड्या वेळानं दार उघडलं. "ओगले! पांडव!"

कुंदा उठून आत गेली. शेवंती बसून राहिली. तिच्या नवऱ्याचं आडनाव परब. पांडव नावाची कुणी असेल, ती येईल, असं तिला वाटलं. सिस्टरनं पुन्हा एकदा पुकारलं, व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, मी लाकूड. पण खिडकीतलं बोलणं मी ऐकलं होतं आणि आताची हाकही ऐकली होती. मला कळलं. तिला ओरडून सांगावं, उठ गं, तुलाच बोलावताहेत! पण माझ्या अंगातून फार तर करकर निघते, आणि ती ऐकून शेवंती जरा सावरून बसली, एवढंच.

उन्हं वर आली. पुन्हा हाक आली. पुन्हा तेच झालं. या खेपेला शेवंतीनंसुद्धा मान वळवून शोधलं. "कोणाचा गो ता?" ती आपल्याशीच पुटपुटली. "आवस खंय गेली बिचाऱ्याची?"

आई कुठं म्हणून दुसऱ्याच्या उपाशी बाळासाठी तिचा जीव कळवळला. आपलंच बाळ ते, हे तिला कुणी सांगावं?

दुपार झाली. तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला व्हायला लागला. तिनं पदर ओढून घेतला. मग दुपटं छातीशी घट्ट धरलं. आयाबाईला एकदा तिनं लेकीचं विचारलं, "माझा चेडू कसा आसा?" आयाबाई बादली घेऊन चालली होती. "बोलावतील तेव्हा जायचं," एवढं बोलून ती निघून गेली. शेवंतीनं पुन्हा विचारलं नाही. दार ठोठावू नको म्हणून तिला सांगितलं होतं, आणि सांगितलेलं ऐकायचं, एवढंच गरिबाच्या हातात असतं असं ती मानत आली होती. आपण शहाण्यासारखं वागलो तर आत आपल्या बाळाकडं नीट बघतील, असा तिचा हिशेब. ती हलली नाही. पाणी प्यायलाही उठली नाही. उठलो आणि नेमकी तेव्हाच हाक आली तर?

बाकीच्या बाळांच्या आया आत जात होत्या, बाहेर येत होत्या. त्या बाहेर आल्या की शेवंती त्यांच्या तोंडाकडं बघायची. माझ्या कडेवर तिची बोटं होती. आधी ती नुसती टेकलेली होती, मग तिनं माझ्या हाताचं टोक धरलं, आणि शेवटी तर असं आवळलं की धाकूच्या कमळाची एक पाकळी तिच्या तळव्यात रुतली असेल. आपलं बाळ पिण्याच्या पलीकडं गेलं म्हणून आपल्याला बोलावत नाहीत, असं तिच्या मनात आलं होतं. तोंडानं ती बोलली नाही. पण माझ्यावर बसणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, ते मला हातांवरून कळतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुंदानं सुया खाली ठेवल्या.

"अगं, सकाळपासून बसली आहेस. तुला बोलावलं नाही का अजून?"

"नाय ओ, वैनी. नाव पुकारल्यार उठायचा म्हणान सांगितल्यानी."

"अंगावर पितं ना बाळ?"

शेवंतीनं फक्त मान हलवली आणि पदर आणखी ओढला. कुंदानं ते पाहिलं.

"अगं बाई! आणि तू गप्प बसलीस? आडनाव काय तुझं?"

"परब."

कुंदा उठली आणि तिनं सरळ दार ठोठावलं. तिला त्या दाराची भीती नव्हती. रोज त्याच्याशी भांडून ती सरावली होती. सिस्टर वैतागून बाहेर आली. वसईकडची बाई, कामाला वाघ, पण जिभेला लगाम नाही.

"परब? परब कोणी नाय इकडे."

"नीट बघा हो. आज सकाळीच आणलंय बाळ."

"बाई, मी काय आंधळी आहे? परबचं मूल माझ्या वॉर्डात नाही."

शेवंतीनं ते ऐकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्या कडेवरून घसरून ती खाली फरशीवर बसली, आणि दुपटं तोंडावर दाबून धरलं. मित्रांनो, माझ्यापुढं पुष्कळ माणसं रडली आहेत, पण न रडता बसलेलं ते माणूस मला अजून विसरता येत नाही.

"मला एक पांडवची आई पाहिजे," सिस्टर कुंदाला सांगत होती. "सकाळपासून पुकारते. चमच्यानं दूध घातलं की पोरगी बाहेर टाकते. अंगात ताकद नाही, पोटात काही नाही, इंजेक्शन काय करणार? आई गेली पळून. मुलगी आहे ना, टाकून गेली."

शेवंतीनं तोंडावरचं दुपटं काढलं. "काय म्हटलंत? पांडव?"

"हां, पांडव. तुला माहीत आहे का ती?"

"ता माझा!" शेवंती उठायला गेली, तोल गेला, तिनं मला धरलं. "ता माझाच चेडू!"

"आता तर परब म्हणालीस." सिस्टर दारात आडवी उभी राहिली. यात तिचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचं बाळ भलतीच्या हाती गेलं तर जबाबदार कोण? "बापाचं नाव सांग आधी."

आणि शेवंतीच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं. उखाणा घालून नाव घेतलं तर दोष लागत नाही, पण त्या घडीला तिला कुठला उखाणा सुचणार? एकीकडं दारापलीकडचं बाळ, आणि दुसरीकडं गिरणीत मागावर उभा असलेला, भोळा, तिच्यावर जीव टाकणारा धनी. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याचं आयुष्य कमी करायचं, असंच तिला वाटत होतं. तुम्ही हसू नका. खरं मानणाऱ्याला ते खरंच असतं.

उघड्या दारातून आतून रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, दारात अडकलेल्या मांजराच्या पिलासारखं काहीतरी बारीक, तुटक.

"सहदेव!" शेवंती ओरडली. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "सहदेव! सहदेव परब! आता सोडा माका!"

"सहदेव कुठं आणि पांडव कुठं?"

कुंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "अहो सिस्टर, पाच पांडवांतला धाकटा कोण?"

"मला काय विचारता? मी चर्चला जाते," सिस्टर म्हणाली.

कुंदानं खिडकीतून चंद्रप्रकाशला हाताला धरून ओढत आणलं. त्यानं शेवंतीला ओळखलं, तिनं सांगितलेलं त्याला आठवलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तोवर शेवंती आत गेली होती. सिस्टर दारातून केव्हा बाजूला झाली, ते मला दिसलं नाही.

दार लागलं. रडणं चालूच होतं. मग ते थांबलं. मित्रांनो, ते थांबणं कसलं, हे मला बाहेरून कळेना. पिऊन थांबलं की दमून थांबलं? मी तसाच चार पायांवर उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

बऱ्याच वेळानं शेवंती बाहेर आली. कुंदानं नुसतं तिच्याकडं पाहिलं.

"प्याला," शेवंती म्हणाली. "वायच प्याला. झोपला."

ती माझ्यावर बसली, आणि काय सांगू, मागं टेकली. तिचं डोकं माझ्या पाठीवर पडलं आणि तिला झोप लागली. धाकू, तुझं म्हणणं त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं.

पाळी सुटून घरी गेल्यावर शेजारणीकडून कळलं, तसा संध्याकाळी सहदेव धापा टाकत आला. केसांत, मिशीत कापूस. शेवंतीनं त्याला बाळाचं सांगायच्या आधी रडत रडत हेच सांगितलं, "माझ्या तोंडातसून तुमचा नाव गेला ओ. चारचौघांत घेतलंय."

सहदेवनं स्वतःच्या हातांकडं, पायांकडं पाहिलं. "माका काय झाला? बघ, हंय उभो आसंय," तो म्हणाला. मग त्यालाही रडू आवरेना. बायकांचं रडणं तिथं खपायचं, पण पुरुषाला त्या व्हरांड्यात रडणं लपवायला जागा नसे. तो माझ्यामागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, झालं, गोड शेवट. पण न्यूमोनिया असा नावानिशी बोलावून बरा होत नाही. पुढं कितीतरी दिवस बाळाचा श्वास आज बरा तर उद्या वाईट असा चालला. सिस्टर आता "पांडव!" म्हणायची आणि शेवंती ताडकन उठायची. कागदावरचं नाव कुणी बदललं नाही. चंद्रप्रकाश बदलायला निघाला तर शेवंतीच नको म्हणाली. त्या नावानं आपलं बाळ प्यायला लागलं, आता त्याला हात लावू नका, असं तिचं म्हणणं. दुधाच्या वेळांच्या मधे ती आणि कुंदा बोलत बसत. कुंदानं तिला टोपडं विणायला शिकवलं. शेवंती विणलेलं उसवत नसे.

आणि मग ती दुपार आली. दुधाची वेळ व्हायला अवकाश होता. हिरवं दार उघडलं. सिस्टरनं हाक मारली नाही. एरवी व्हरांडा दणाणून सोडणारी ती बाई अगदी हळू म्हणाली, "ओगले."

कुंदा विणत राहिली. "माझी वेळ झाली नाही अजून," ती म्हणाली.

"ओगले, या."

"दुसरी कुणी असेल." कुंदाच्या सुया थांबल्या. "ओगले नावाची दुसरी कुणी आली असेल. मी नव्हे."

दुसरी कुणी नव्हती. दुसऱ्याचं नाव शोधून काढणाऱ्या त्या बाईला स्वतःचं नाव ओळखू येईना. तिनं माझी कड दोन्ही हातांनी धरली होती. मी सागाचा, मजबूत, कितीही धरलं तरी न हलणारा. पण धरून ठेवायचं होतं ते माझ्याजवळ नव्हतं, दाराआड होतं, आणि ते मला काही धरून ठेवता येईना.

शेवंती उठली. तिनं कुंदाचं एकेक बोट माझ्या कडेवरून सोडवलं. "चला, वैनी," ती म्हणाली. "मी येतंय तुमच्यावांगडा." आत जायची तिची वेळ नव्हती. सिस्टरनं तिला अडवलं नाही.

अर्धवट टोपडं माझ्यावर तसंच राहिलं. संध्याकाळी विद्याधरपंत आले, त्यांनी ते खिशात घातलं.

त्यानंतर काही दिवसांनी पांडवला घरी सोडलं. सहदेव नवी टोपी घालून आला होता. चंद्रप्रकाशनं खिडकीतून पुकारलं, "पांडव!" आणि नवरा-बायको दोघं एकदम उभी राहिली. दारातून आयाबाईनं बाळ आणून दिलं. शेवंतीनं ते त्याच दुपट्यात घेतलं. निघताना ती वळली, आणि जिथं कुंदा बसायची तिथं माझ्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मुलीचं बारसं पुढं झालं असेलच. नाव काय ठेवलं, ते मला कधी कळलं नाही. मला ती पांडव म्हणूनच ठाऊक.

मित्रांनो, आता तिथं लोखंडी खुर्च्या आल्या आहेत. मी मागच्या पडवीत आहे. माझ्यावर मोडक्या खाटांचे पाय रचलेत, एक कमळ तुटलंय, आणि पावसाळ्यात माझं लाकूड फुगतं. मला पुसा, मला रंग द्या, असं मी सांगणार नाही. माझं आयुष्य झालं.

मात्र कधी इस्पितळात गेलात आणि एखादं माणूस बंद दाराकडं बघत कडेवर बसलेलं दिसलं, तर त्याला ओलांडून जाऊ नका. ते शहाण्यासारखं गप्प असेल, कारण त्याला तसं सांगितलेलं असतं. त्याच्याजवळ जरा टेका आणि कुंदानं विचारलं तसं विचारा, "तुम्हाला बोलावलं नाही का अजून?" मला तेवढंच विचारायचं होतं त्या दिवशी, सकाळपासून. मला ते आलं नाही. तुम्हाला येतं.